कन्नडच्या मामाची कॅसेट

बजाजनगरच्या बाजारात सीताफळ आलं. पोरीनं पिशवी भरून आणली आन् ओट्यावर ओतली. त्यातलं एक गडगडत माझ्या पायाशी आलं. उचललं, अंगठ्यानं दाबून पाहिलं. दगड. डोळे गच्च मिटलेले. असलं फळ तोडणाऱ्याला त्याच झाडाला उलटं टांगलं पाहिजे. सीताफळाचा डोळा उघडावा लागतो. दोन खवल्यांमधली फट पिवळट पांढरी दिसाया लागली की समजावं, आत जाग आली. मग तोडावं, गवतात निजवावं, झाकावं, आन् त्याच्याकडं बघू नये. दोन-तीन दिसांनी हात लावला की ते आपणहून सांगतं, व्हय, आता खा. हे मला माझ्या बायकोनं शिकवलं. ती गेल्या उन्हाळ्यात गेली. तिच्याबिगर आलेला सीताफळाचा हा पहिलाच मौसम.

बाकीच्यांना ह्या फळाच्या वासानं तोंडाला पाणी सुटतं. माझ्या पोटात आग पडते. शिकलेली माणसं त्याला हेवा म्हणतात, मत्सर म्हणतात. आमच्यात सरळ म्हणतात, जळतो. मी जळतो. बायको गेली, मी सत्तरी ओलांडली, तोंडात कवळी आली, तरी जळतो. आन् कुणावर? ज्याला मी कधी पाहिलं नाय, ज्याची भाषा मला येत नाय, जो सात समुद्रापल्याड कुठंतरी गायला आन् बहुतेक मरून बी गेला असंल, त्या माणसावर.

तवा आम्ही मिटमिट्याला ऱ्हात होतो. मी बँडात क्लारनेट वाजवायचो. लग्नसराईत आमच्यावाणी राजा नाय. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुरा, नवरदेवाच्या आधी लोकं आमच्याकडं बघायची. आन् आखाडापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्यावाणी रिकामा माणूस नाय. देव झोपले की वाजंत्री बी झोपले. कोट पेटीत, पेटीत डांबराच्या गोळ्या, क्लारनेटच्या तोंडची पत्ती वाळून खडखडीत. त्या दिवसांत घर चालायचं ते बायकोच्या पाटीवर. दसऱ्याच्या आगंमागं डोंगरातली सीताफळं यायची. ती दौलताबादला किल्ल्याच्या समोर, सडकेच्या कडंला पाटी लावून बसायची. मी सोबत. पाटी उतरवायची, गवत झटकायचं, मुंग्या हाकलायच्या, मग बसून ऱ्हायचं. बायकोच्या जिवावर बसलेल्या माणसाला सगळं जरा जास्तच दिसतं आन् जास्तच ऐकू येतं.

पाटीला लागून यासीनभाईची चहाची टपरी होती. यासीनभाई म्हंजे बोलघेवडा माणूस, गिऱ्हाईक नसलं तर किटलीशी बोलायचा. त्याच्याकडं एक टेप होता. त्याला त्यानं बायकोकडून फुलाफुलाचं झाकण शिवून घेतलेलं, आन् धूळ बसू नये म्हणून पोराच्या तोंडावरनं पदर फिरवावा तसं तो त्याच्यावरनं फडकं फिरवायचा. त्या वर्षी परतीचा पाऊस लई रेंगाळला. एक दिवस एक गोरी बाई किल्ला उतरून आली, चिंब भिजलेली, दात वाजत होते. यासीनभाईनं तिला भट्टीपाशी बसवलं, आल्याचा चहा पाजला, तिचे बूट भट्टीच्या कडंला उलटे ठेवून वाळवले. जाताना बाईनं पाठीवरच्या पिशवीतून एक कॅसेट काढली, त्याच्या हातात दिली, स्वतःच्या छातीवर हात ठिवून कायतरी बोलली आन् गेली.

"क्या बोली रे वो?" यासीनभाईनं मला विचारलं.

"मला काय विचारतो? मी काय कलेक्टर हाये?"

कॅसेटच्या कागदावर एका माणसाचं चित्र होतं. सावळा नव्हं, चांगला काळाभोर, थोराड गडी. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, तोंड उघडं. आमची बायको पाटी सोडून उठली, चित्र बघितलं आन् तोंडाला पदर लावून हसाया लागली.

"अवं, हे तर तुमचे कन्नडचे मामा!"

आन् खरंच. तेच रुंद नाक, तेच कपाळ, गालाला तीच घडी. माझा मामा कन्नडला साखर कारखान्यात बॉयलरपाशी कामाला होता, तो बी घामानं असाच चमकायचा. बाजाराच्या दिवशी मामाकडं गेलं की तो असंच तोंड उघडं टाकून झोपलेला असायचा. तवापासून त्या गायकाचं नाव मामा पडलं. खरं नाव कागदावर होतं, पण ते वाचणारं आमच्यात कुणी नव्हतं. "भाभी, मामू को लगाऊं क्या?" यासीनभाई विचारायचा, आन् आमची ही मान हलवायची. अशी मान तिनं माझ्यासाठी लग्नातच काय ती हलवली असंल.

पहिल्या दिवशी गाणं लागलं तवा मी मुंग्या हाकलत होतो. आवाज ऐकला आन् वाटलं, ह्याचा घसा बसलाय. गोड बिड काय नव्हता. दुधाचं पातेलं तळाला लागतं, मग आपण खरवडतो, आन् ती खरवड जरा करपलेली असती पण पोरं त्याच्यासाठी भांडत्यात, तसा आवाज. मी मनात म्हणलं, असल्या आवाजाला आमच्या बँडमास्तरनं ढोलाच्या मागं बी उभं केलं नसतं. मग बायकोकडं बघितलं. तिच्या हातात एक पिकलेलं सीताफळ होतं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. आन् ती फळ तसंच हातात धरून सडकेच्या पल्याड बघत होती, किल्ल्याकडं बी नाय, कुठंच नाय. अंगठा फळात रुतत चालला होता आन् तिला पत्ता नव्हता.

दाबलेलं फळ विकत नाय. ते घरी आणायचं आन् आपण खायचं. त्या मौसमात आम्ही लई सीताफळं खाल्ली. पोरगी खूश, अनिता तवा दुडूदुडू चालत होती, तिच्या हनुवटीवरनं रस गळायचा. मी मातर एकेक फळ फोडायच्या आधी बघायचो. हिरव्या सालीवर तिच्या अंगठ्याची काळी पडलेली खूण. म्हंजे इथं मामानं आवाज वर नेला असंल. इथं मामा थांबला असंल. दुसऱ्या माणसाच्या आवाजानं पिचलेलं फळ मी चमच्याबिगर, बोटांनी, खात होतो. फळ गोड असायचं, हीच तर चीड होती.

एका संध्याकाळी घराकडं येताना न ऱ्हावून विचारलं, "काय कळतं गं तुला त्यातलं? एक तरी शब्द कळतो का?"

"नाय."

"मंग काय ऐकती?"

ती डोक्यावरची रिकामी पाटी सावरत म्हणाली, "तुमच्या क्लारनेटीत कुठं शब्द असतेत? ती ऐकतातच की लोकं."

"लोकं. तू ऐकती का?"

"तुम्ही माझ्यासाठी कवा वाजवली?"

मी लोकांच्या लग्नात वाजवत होतो. घरी वाजवायची म्हंजे हलवायानं घरी येऊन जिलबी तळायची. पुढं मी चार पावलं मागं पडलो तसं तिचं गुणगुणणं सुरू झालं. बारीक, नाकातल्या नाकात. मी पाय उचलून जवळ गेलो, बंद. हे असंच होतं तिचं, पुढं जन्मभर. मी दारात चप्पल काढली की आतलं गुणगुणणं बंद. चूल फुंकताना, भाकरी थापताना, पोरीला निजवताना ती गुणगुणायची हे मला ठाऊक, पण माझ्या वाट्याला आलं ते नुसतं त्याचं तोंड. सुरुवातीचे चार सूर आन् मग चपलेचा आवाज आन् मग शांतता. माणूस स्वतःच्या घरात चोरासारखा अनवाणी शिरून बघतो, तसं बी मी केलं. आमच्या दाराची कडी वाजायची.

तुम्ही म्हणाल, गाण्यावर कुणी जळतं का. दुसरा बाप्या असता तर त्याला सडकेवर गाठला असता, दोन द्यायच्या दोन घ्यायच्या, विषय संपला. मामाला कुठं गाठू? तो तर यासीनभाईच्या टेपात फुलाफुलाच्या झाकणाखाली बसलेला. त्याला दुपारचं जेवण लागत नाय, त्याच्या कोटाला घामाचा वास नाय, तो बायकोच्या कमाईवर बसत नाय. जवा बटण दाबावं तवा तेवढ्याच मायेनं गातो. असल्या माणसाशी जित्या नवऱ्यानं बरोबरी करायची तरी कशी?

मग एक दिवस टेपनं कॅसेट खाल्ली. भर गाण्यात मामाचा आवाज घोगरा झाला, रेड्यागत, मग बारीक, मांजरीगत, आन् खटकन बंद. यासीनभाईनं झाकण उघडलं तर आतून पट्टीचा गोळा निघाला, चुरगळलेला, शेवयांच्या घाण्यागत. खरं सांगतो, मला आनंद झाला. चांगला पोटभर आनंद झाला. पण बायकोचा चेहरा बघितला. ती उठून टपरीपाशी गेली होती आन् त्या गोळ्याला हात लावू का नको, अशी उभी होती.

"मामू का गला कट गया, भाभी," यासीनभाई म्हणाला. "मगर आप फिकर नको करो. मैं डॉक्टर हूं."

त्यानं चुरगळलेला तुकडा कात्रीनं कापून टाकला, दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली, पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळली आन् लावली. मामा गायला लागला. मधे आला आन् टुणकन उडी मारली. एका सुरावरनं थेट पुढल्याच ओळीवर, जसा चालता माणूस खड्ड्यात पडून पल्याड उगवावा. दर वेळी ती जागा आली की आमच्या हिची मान वर यायची. जिन्याची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आन् पायरी नसावी, तसं व्हायचं तिचं.

आन् तवा मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं. त्याच्या आधी मी ऐकतच नव्हतो, मी बायकोकडं बघत होतो. गाणं मला तुटल्यावर ऐकू आलं. त्या भोकाच्या जागी आधी काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं, कारण ते होतं तवा माझे डोळे तिच्या अंगठ्यावर होते. पण वाजंत्र्याला भोक बघवत नाय. चालीत खळगा पडला की बोटं आपोआप वळवळतात.

पेटीतून क्लारनेट काढली. पत्ती पाण्यात भिजवली. सकाळी ती पाटी भरायच्या आत मी मिटमिट्याच्या मागच्या टेकाडावर जायचो, तिथं मोर आन् मी. मामाची चाल बसवली. बँडात आम्ही हेच करायचो, नवी कॅसेट आली की मास्तर लावायचा, आम्ही कान देऊन उचलायचो. मास्तरचा एकच नियम, हुबेहूब. "लोकांना ओळखू आलं पाहिजे. तुझी अक्कल नको, गाणं पाहिजे," असं म्हणून तो काठी आपटायचा. म्हणून मी हुबेहूब बसवली. फकस्त त्या भोकापाशी हुबेहूब काय वाजवणार? तिथं मी माझा एक तुकडा घातला. कुठनं सुचला म्हणाल तर लाज वाटंल सांगायला. वरात मांडवाच्या दारात आली की नवरदेव घोड्यावरनं उतरताना आम्ही एक उठाव घ्यायचो, सूर चढत चढत वर न्यायचा, वर जरा थरथरवायचा आन् पायऱ्या उतरल्यागत खाली आणायचा. अगदी बाजारी चीज. तोच उठाव मी निम्म्या लयीत केला, थरथर काढली, आन् बसवला त्या खड्ड्यात. बसला.

तुळशीचं लग्न झालं, देव उठले, कोट बाहेर निघाले. पहिलीच वरात आमच्या गल्लीतली, शेजारच्या घरचं लग्न, म्हंजे आमची ही बाया-बापड्यांत चालणार हे नक्की. मी मास्तरला म्हणलं, एक नवी चीज हाये, इंग्रजी हाये, शहरातली पोरं खूश होतील. इंग्रजी म्हणल्यावर मास्तर फसला. मारुतीच्या पारापाशी मी मामाला सुरुवात केली.

नाचणारी पोरं आधी हळू झाली. मग एकेक करून हात खाली आले. घोडं उभं ऱ्हायलं. ताशेवाल्याला कुठं मारावं कळंना, तो काड्या हातात धरून माझ्याकडं बघत होता. ढोल एकदा चुकून वाजला, तेवढाच. माझं सगळं ध्यान बायांच्या घोळक्यात. तिथं ती होती, डोईवर पदर, हातात कुणाचं तरी लेकरू. मी त्या भोकापाशी आलो, माझा उठाव घेतला, वर नेला, उतरवला. तेवढ्यात नवरदेवाचा मामा घोड्याच्या मागनं वरडला.

"ए वाजंत्री! हे लगीन हाये का मयत? मूठमाती द्यायला चाललो का काय आम्ही?"

सगळी गल्ली हसली. मास्तरनं माझ्या पोटरीवर काठी ठिवून दिली. आम्ही नेहमीचं नाचायचं गाणं धरलं आन् वरात पुढं सरकली.

घरी आल्यावर मी कोटाची बटणं काढत बसलो. ती पाणी घेऊन आली. तांब्या खाली ठिवला. मग म्हणाली, "मधला तो तुकडा कुठनं आणला?"

"तिथं पट्टी कापलेली ना. मीच घातला."

"हं," ती म्हणाली आन् तांब्या घेऊन आत गेली.

ह्या "हं"वर मी किती वर्षं काढली, काय सांगू. चांगला होता, हं? का मामाच्या गाण्याची माती केली, हं? बायकोचा हं हा ओल्या लाकडागत असतो, पेटंल का धुरंल सांगता येत नाय. मी परत विचारलं नाय. विचारलं आन् ती म्हणाली असती की मामाचंच बरं होतं, तर मी क्लारनेट कशी उचलली असती? पुढं यासीनभाईची टपरी सडक रुंद करताना उठली. टेप गेला, कॅसेट कुणाच्या तरी घरी गेली, तिचा तो कागद मातर यासीनभाईनं आमच्या हिला दिला. तिनं तो पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. म्हंजे सणाला लुगडं काढायला पेटी उघडली की मामा, घाम, उघडं तोंड. पोरीच्या लग्नाचं लुगडं त्याच पेटीतनं निघालं. मामानं आमचं सगळं बघितलं.

दवाखान्यातनं तिला परत घरी आणलं त्या दिवशी तिनं पेटी उघडी ठेवायला सांगितली होती. हवा लागू द्या कपड्यांना, म्हणाली. मी उघडली. कपड्यांना हवा लागत होती का तिला मामा दिसत होता, मी विचारलं नाय. खाटेच्या एका अंगाला मी, एका अंगाला तो.

आता मी पोरीकडं ऱ्हातो. जावई वाळूजला कंपनीत पाळीनं जातो, सज्जन माणूस आहे, मला टीव्हीचा रिमोट देतो. पेटी बी माझ्यासंगं आली. चार दिसांमागं अनितानं सीताफळं निवडली, कडक होती ती तांदळात घातली, आजकाल गवत कुठनं आणणार. मग पेटीच्या झाकणापाशी बसली, मोबाईलनं त्या कागदाचा फोटो काढला, आन् बराच वेळ बोटानं कायतरी वर-खाली करत ऱ्हायली.

"अण्णा, सापडलं! मायचा मामा सापडला!"

"मला नको दाखवू."

"अवो, ऐका तर. ही गाणी ह्याची नाहीतच. सगळीच्या सगळी दुसऱ्यांची. आधी दुसऱ्या कुणी कुणी म्हटलेली, मग ह्यानं ती सगळी घेतली आन् आपल्या गळ्यातनं काढली. आन् लोकांना ह्याचीच जास्त आवडली."

मला हसू फुटलं. इतकं की कवळी सटकली. आयुष्यभर ज्याच्यावर जळलो तो आमच्यातलाच निघाला! उचलून वाजवणारा! मामा बी बँडवाला! दुपारभर मी मजेत होतो. स्वतःशीच म्हणत होतो, बघ गं बाई, कुणावर भाळली होतीस. ह्याच्या पदरचं एक गाणं नाय. उसनं तांदूळ, उसनी डाळ, आन् खिचडी म्हणे मामाची.

पण संध्याकाळ झाली तशी ती मजा उतरली आन् खालनं जुनंच जळणं वर आलं, आधीपेक्षा वाईट. गाणी त्याची असती तर म्हणता आलं असतं, देवानं त्याला दिली, मला दिली नाय. पण तो बी दुसऱ्याचंच गात होता आन् मी बी दुसऱ्याचंच वाजवत होतो. मग तो वाजला की माझ्या बायकोचा अंगठा फळात रुतायचा, आन् मी वाजलो की लोकं घड्याळ बघायची, जेवणं कवा? फरक कुठं पडला? लई इचार केला. मला वाटतं, त्याला कुणी काठी आपटणारा मास्तर नव्हता. हुबेहूब कर, असं त्याला कुणी म्हणलं नसंल. त्यानं दुसऱ्याचं गाणं घेतलं आन् ते स्वतःच्या घरचं माणूस मेल्यागत म्हणलं. आमच्या खेड्यात मयतीला दुसऱ्या गावाहून एखादी म्हातारी येती, मेलेला तिचा कुणी नसतो, पण ती गळा काढती तवा घरच्यांना बी पहिल्यांदा रडू फुटतं. ती काय त्या घरचं रडत असती? ती आपलंच कुणीतरी आठवून रडत असती. ह्या माणसाचं तसंच असणार. गाणं फकस्त निमित्त. ती मुभा मला मिळाली असती तर? असा इचार करून मी त्याच्यावर नव्यानं जळलो. आधी बायकोपायी जळायचो, आता धंद्यापायी बी.

काल सीताफळं पिकली. अनितानं परातीत घेतली आन् माझ्यापुढं बसली. दुपार होती, जावई पाळीला गेलेला. तिनं मला न विचारता मोबाईलवर मामा लावला. एवढ्या वर्षांनी तो आवाज, तेच गाणं. खरवड. माझा घास हातात ऱ्हायला.

"हे काय म्हणतोय गं तो?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

अनितानं कान दिला. "कुणीतरी निघालंय. दारात चप्पल घालतंय असं समजा. आन् हा म्हणतोय, बस की जरा, एवढी काय घाई."

मी हातातला घास परातीत ठिवून दिला. मामा त्या जागेपाशी येत होता. जिथं भोक होतं, जिथं यासीनभाईची चिकटपट्टी होती, तिथं आधी काय होतं ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकणार होतो. आलं. मामानं तिथं सगळी वाद्यं थांबवली होती आन् एकटाच, एकाच शब्दावर, खालनं वर न जाता, होता तिथंच फुटला. गळ्यातनं रक्त यावं असा. मी वाजंत्री आहे, सुराशी खोटं बोलणार नाय. तीच त्या गाण्याची जागा होती. सगळं गाणं त्या एका जागेसाठी बांधलेलं होतं. आन् तिथं मी घोड्यावरनं उतरायचा उठाव घातला होता. मला जमिनीनं गिळावं असं झालं. त्या "हं"चा अर्थ लागला, असं वाटलं.

गाणं संपलं. अनितानं मोबाईल उलटा ठिवला, बोटं चाटली, आन् परात आवरता आवरता तेच गाणं गुणगुणाया लागली. थेट मायवाणी, नाकातल्या नाकात. मी ऐकत बसलो. मी समोर होतो तरी ती थांबली नाय. पहिले चार सूर झाले, पुढले झाले. ती त्या जागेपाशी आली. आन् सूर चढवत चढवत वर नेला, आन् पायऱ्या उतरल्यागत खाली आणला.

"हे काय म्हणलीस?"

"काय?"

"आत्ता. मधे. आत्ता ऐकलं त्यात असं कुठं होतं?"

ती घुटमळली. परत गुणगुणून पाहिलं, परत तिथंच वर चढली आन् तशीच उतरली. "नव्हतं का? मग माय तर असंच म्हणायची. मला निजवताना असंच, माझ्या पोरांना निजवताना असंच. मला हेच येतं."

"माझ्यासमोर कवाच नाय म्हणली ती."

"तुमच्यासमोर कशी म्हणंल?" अनिता हसली. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, तुझा बाप वाजंत्री हाये गं बाई, त्याच्याच चालीत चुकले तर घरात मास्तरची काठी."

त्याच्याच चालीत, म्हणाली होती.

तिनं तर पहिल्या दिवसापासून अख्खं गाणं ऐकलेलं होतं. पट्टी कापायच्या आधी. ती फुटणारी जागा तिला पाठ होती, तिथंच तर अंगठा रुतायचा. मामाची एवढी मोठी जागा तिच्या कानात होती, आन् तिनं ती सोडून माझा बाजारी उठाव ठिवला. का, मला सांगता येत नाय. विचारायला माणूस नाय. कदाचित लेकराला निजवायला मामाचं फुटणं चालत नसंल, पायऱ्या उतरलेलंच चालत असंल. कदाचित काय नसंल. मी परातीतल्या बिया मोजल्यागत हलवत बसलो. डोळ्याला धार लागली ती पोरीनं बघितली, पण ती मायवरच गेली आहे. नुसतं एक पिकलेलं फळ उचलून माझ्या हातात दिलं. माझाच अंगठा त्यात रुतला.

मामाचा तो कागद अजून पेटीला आहे. काढणार नाय. बसू दे बिचाऱ्याला. त्याच्यावर मी अजून जळतो, एवढ्यानं सुटतंय होय ते. पण आज सकाळी अनितानं विचारलं, "अण्णा, मामा लावू का?"

"लाव," मी म्हणलं. "आन् ती जागा आली की बंद कर. तिथलं मी म्हणतो."